काळ्याची अर्धी भाकर

नाना,

तुम्हाला वाचता येत नव्हतं. जिवंत असतानाही हे पत्र तुम्हाला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि मी जे लिहिणार आहे ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तुम्ही अर्ध्यातच धोतर झटकून उठून गेला असतात. आता उठून जाता येणार नाही, तेव्हा ऐका. मी रागावलो आहे. मरून दहा वर्षं झालेल्या बापावर रागावणं शोभत नाही असं कुणी म्हणेल, तर म्हणो. मला जे कळलं ते आज सकाळी सव्वानऊ वाजता कळलं. माझा राग सव्वानऊपासूनचा आहे, शिळा नाही.

सकाळी भडगावचा माझा मेहुणा काळ्याला न्यायला आला होता. काळ्या अजून आहे, नाना. बारा वर्षांवर वय झालं, उजव्या डोळ्यात फूल पडलं आहे, पण आहे. मागच्या महिन्यात धुळ्याच्या डॉक्टरांनी मला तासभर तपासलं, माझी दमाच्या नोंदींची वही पाहिली आणि सांगितलं, "तुम्हाला कुत्र्याचं वावडं आहे. एखाद्याला वांगं सोसत नाही, तसं तुमच्या छातीला कुत्र्याचा केस सोसत नाही. कुत्रं दारात ठेवून औषध घ्याल, तर माझाही वेळ जाईल आणि तुमचाही." म्हणून बायकोनं आपल्या भावाला निरोप धाडला. तो ट्रकनं आला, ओट्यावर बसून चहा प्यायला आणि काळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "दाजी, हाच का पाहुणा? बहीण दिली तेव्हा बैलगाडी होती, याच्यासाठी ट्रक आणला हो आम्ही." बायको हसली. मीही हसलो असतो, पण दम लागला होता. एदलाबादहून तुमची लेक अक्का आलेली आहे, ती सुपात तूर पाखडत होती. तिचा हात थांबला. ती म्हणाली, "धाडू नको रे भाऊ त्याले. नानानी शपथ शे माले."

कसली शपथ, ते मी पुढे सांगतो. मला कुठलीही गोष्ट मागची पुढे केलेली चालत नाही. इंजिन खोलताना पहिला काढलेला नट शेवटी लावायचा असतो, तुम्हीच शिकवलंत. तसंच लिहितो.

तुम्ही कापसाच्या जिनमध्ये तेलवाले होतात. पूर्वेकडच्या शेडमधल्या लांब शाफ्टला सोळा बेअरिंगं होती, आणि तुम्ही तेलाची झारी घेऊन हंगामभर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत असायचात. बेअरिंग तापलं की नाही हे तुम्ही तळहात ठेवून सांगायचात. मी तुमच्याच हाताखाली लागलो, आणि पुढे स्वतःच्या मेहनतीनं फिटर झालो. शाळा मराठी चौथीपर्यंत. इंग्रजी मी इंजिनाच्या माहितीपुस्तकातून शिकलो, शेजारी शब्दकोश उघडा ठेवून. एकेका पानाला आठ-आठ दिवस लागले. ते पुस्तक मी एकदा शेडमध्ये घेऊन आलो आणि सातव्या बेअरिंगजवळ उघडून बसलो, तेव्हा तुम्ही चालत्या शाफ्टच्या आवाजावर आवाज चढवून ओरडलात, "हात ठेव, हात! पुस्तक काय ठेवस?" सगळे हमाल हसले. मी हात ठेवला. तळहाताला फोड आला. बेअरिंग तापलेलं होतं, तुमचं बरोबर होतं. पण पुस्तकातही तेच लिहिलेलं होतं, आणि पुस्तकानं फोड आणला नसता. हे मी त्या वेळी बोललो नाही. आज बोलतो.

देशाला स्वातंत्र्य मिळालं, त्याच वर्षीचा कापसाचा हंगाम. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा. शेडमध्ये रुईचा भुगा बर्फासारखा उडत असतो, तो नाकातोंडात जातो, आणि दिवाळीनंतर मला दम लागू लागला. तेव्हा तो फार नव्हता. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. जिनमध्ये निम्म्या माणसांना तो होताच. पण तुम्ही घाबरलात. आई दम लागूनच गेली होती, ते तुमच्या डोक्यात बसलेलं. तुम्ही उतारा सुरू केलात. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर माझ्या डोक्यावरून सात वेळा ओवाळायची आणि काळ्या कुत्र्याला घालायची. आता आपल्या गल्लीत काळं कुत्रं नव्हतं. दोन तांबडी, एक पांढरं, एक बांडं. तुम्ही भाकर उपरण्यात बांधून काळ्या कुत्र्याच्या शोधात स्टेशनापर्यंत जायचात, आणि कामावर पोचायला उशीर व्हायचा. मग एका रविवारी तुम्ही पायी नशिराबादला गेलात आणि दुपारी परत आलात, ते उपरण्यात काहीतरी गुंडाळून. मी ओट्यावर बसलो होतो. तुम्ही उपरणं माझ्या मांडीवर मोकळं केलंत. आतून कोळशासारखं काळं पिल्लू निघालं, सव्वा वितीचं, पोट तट्ट फुगलेलं, आणि त्यानं पहिल्याप्रथम माझं मनगट चाटलं. तुम्ही म्हणालात, "हाऊ तुना दम लई जाई. अर्धी भाकर तू खाय, अर्धी याले घाल."

मोठ्या वयात बापानं मला दिलेली ती एकच वस्तू. लग्नात तुम्ही मला अंगठीसुद्धा दिली नव्हतीत. मी पिल्लू खाली ठेवलं नाही, हे तुम्ही पाहिलंत आणि खूश झालात.

तर मग रोज सकाळी अर्धी भाकर मी खायची आणि उरलेली अर्धी, माझ्या दाताची खूण असलेली, काळ्याला घालायची. उष्ट्यातून दुखणं त्याच्यात जाणार. त्यानं ते नीट न्यावं म्हणून तो रात्रंदिवस माझ्या खाटेखाली. आणि माझा दम वाढला. आठवड्याला दोनदाचा रोज एकदा झाला. तुम्ही काय केलंत? खाटेखालचा काळ्या खाटेवर माझ्या पायाशी आणून बसवलात! तरी वाढला. मग पायाशी बसलेला छातीशी. जितका दम जास्त तितकं कुत्रं जवळ. नाना, सोळा बेअरिंगांवरून हात फिरवणारा माणूस तुम्ही. तेल घातल्यावर बेअरिंग आणखी तापलं, तर तुम्ही आणखी तेल ओतत बसला असतात का? तेल थांबवून आत काय अडकलं आहे ते पाहिलं असतंत. लोखंडाच्या बाबतीत जी अक्कल होती, ती पोराच्या छातीपाशी कुठे गेली?

म्हणून मी वही घातली. शंभर पानी, आडव्या रेघांची. सात रकाने: तारीख, वेळ, दम किती टिकला, हवा, जेवण, जागा, कारण. तुम्ही तिला हसलात. "दमनी कुंडली मांडस," असं अक्काला म्हणालात. पण त्या वहीनंच मला सांगितलं. पुढच्या वर्षी मी धुळ्याला एका तेलाच्या घाण्यावर इंजिन बसवायला गेलो. पांझरेच्या काठी खोली होती. अडुसष्ट दिवस राहिलो. घाण्यावर शेंगांच्या टरफलांचा धुरळा रुईपेक्षा वाईट, डोळे लाल व्हायचे. अडुसष्ट दिवसांत दम एकदाही नाही. वहीत अडुसष्ट ओळी कोऱ्या. मी पारोळा, एरंडोल करत मोटारीनं घरी आलो, ओट्यावर बसलो, हात-पाय धुतले, घाण्यावरच्या गमती सांगायला लागलो, तुम्हीही हसत होतात. काळ्या बाहेरून आला आणि माझ्या अंगावर चढला. मला पाहून वेडा झाला होता तो, कान चाटले, गळा चाटला. तुमची विडी अर्धी ओढून होण्याच्या आत माझ्या छातीत शिट्टी वाजायला लागली.

संध्याकाळी दम बसल्यावर मी वही तुमच्यासमोर उघडली आणि वाचून दाखवली. शांतपणे, ओळीनं. म्हणालो, नाना, हे कुत्र्यामुळे होतं. याला मळ्यात कुणाला तरी देऊन टाकू. आणि तुम्ही उभे राहिलात. गल्लीतली चार माणसं ओट्यावर होती, त्यांच्याकडे वळून तुम्ही हात उडवलेत. "कुत्राना दम लागस म्हने! वही वाचीसन बापले शिकाडस का? बठ्ठा गावना लोके कुत्रा पाळतस, त्या काय मरी ग्यात?" समोरचा शिंपी लगेच बोलला, "साहेबले कुत्रा सोसत नही, बाप तरी सोसस का?" हसले सगळे. तुम्ही हसला नाहीत, पण त्यांना गप्पही केलं नाहीत. मी वही मिटली. त्या दिवसापासून मी तुमच्याशी कामापुरतं बोललो. हे तुम्हाला माहीत आहे. मला वाटलं, चुकलात तुम्ही आणि वर दांडगाईही केलीत. आणि चार दिवसांनी तुम्ही काय केलंत? मी सकाळी अंगणात खोकत बसलो होतो, तुम्ही मागून आलात आणि माझ्या पाठीवर तळहात ठेवलात. अगदी बेअरिंगवर ठेवावा तसा, पंजा पसरून, दाबून, डोळे मिटून. किती वेळ ठेवलात ते मी मोजलं नाही, ही माझी चूक. मग चटका बसावा तसा हात एकदम ओढून घेतलात, काळ्याची दोरी उचललीत आणि निंबाखाली जाऊन बसलात. मी समजलो, किळस आली.

त्यानंतर तुम्ही माझ्याशेजारी कधी बसला नाहीत. जेवायला स्वयंपाकघरात माझ्या डावीकडे तुमचा पाट असायचा, तो तुम्ही उचलून अंगणात नेलात. मी आत, तुम्ही निंबाखाली, कुत्रं तुमच्यापाशी. सूनबाईनं वाढलेलं ताट दारातून हात लांब करून घ्यायचात. तिनं विचारलं, "मामंजी, माझं काही चुकलं का?" तुम्ही म्हणालात, "आतमा गरम व्हस." डिसेंबरात गरम होत होतं तुम्हाला! वरणबट्टीच्या दिवशीसुद्धा आत आला नाहीत. मी मनात म्हणालो, म्हाताऱ्याला कुत्रं सोडवत नाही, पोरगा सोडवतो. असू दे. मीही तुमचाच मुलगा. मी बोलावलं नाही.

मी तोवर जिन सोडलं होतं. घरीच इंजिनांचे पंप, नॉझल दुरुस्त करत असे. रावेर, सावद्यापासून केळीवाले माझ्याकडे यायचे. दम कमी झाला होता, पण गेला नव्हता. वही चालूच होती. प्रत्येक वेळी दम लागला की मी मुद्दाम दारात येऊन खोकायचो. तुम्हाला ऐकू जावं म्हणून. हेही लिहून टाकतो. तुम्ही निंबाखालून माझ्याकडे पाहायचात आणि आणखी लांब, हौदापलीकडे सरकायचात.

मग त्या शेवटच्या थंडीत तुम्ही घर सोडलंत. वळकटी आणि काळ्याला घेऊन जिनच्या पडवीत राहायला गेलात. कारण काही नाही. विचारलं तर, "हंगाम शे, जवळ पडस." वीस वर्षं घरून जात होतात, तेव्हा जवळ पडत नव्हतं? गल्लीनं काय ठरवलं ते तुम्ही ऐकलं नाहीत, मी ऐकलं. लिहिता-वाचता येणारा मुलगा, इंजिनवाला, त्यानं बापाला कुत्र्यासकट घराबाहेर काढलं. शिंप्यानं माझा शर्ट शिवून द्यायला नकार दिला. म्हणाला, "आधी बापले पांघरून दे, मंग तू शर्ट घाल." मी घोंगडी घेऊन पडवीत आलो तेव्हा तुम्ही दहा पावलांवरून हात वर केलात, "तठेच ठेव. जवळ नको येऊ." दहा पावलं, नाना. मी मोजली होती. मी घोंगडी जमिनीवर टाकली आणि मागे फिरलो. संक्रांतीच्या आठ दिवस आधी तुम्हाला ताप भरला. छातीत कफ झाला होता, त्या पडवीला तीन बाजूंनीच भिंत. घरी आणलं तोवर तुम्ही बोलत नव्हतात. तुम्ही गेलात, आणि गल्लीच्या हिशेबी मी तुम्हाला मारलं. दहा वर्षं मी ते ऐकत आलो आहे, आणि दहा वर्षं मनात एकच उत्तर देत आलो आहे: तो स्वतःच्या हट्टानं गेला, मी काय करू?

आता अक्कानं सांगितलं ते.

ती म्हणाली, पाठीवर हात ठेवलात त्याच दिवशी तुम्ही तिला निरोप धाडून बोलावलंत आणि सांगितलंत, पोरगं खरं बोलतं. कुत्र्यानंच होतं. काळ्या अंगाशी आला की छाती कशी घरघरते, ते पंज्याला कळलं. मग तुम्ही रोज दिवस उगवायच्या आधी काळ्याला हौदावर रिठ्यानं धुवायचात. त्यानंतर स्वतः धुवायचात, धोतर बदलायचात. तरी मला दम लागतच होता, म्हणून तुम्ही ठरवलंत की आता कुत्र्याच्या अंगावरचा केस नाही, तुमच्या अंगाला चिकटलेला लागतो. म्हणून पाट अंगणात. म्हणून हौदापलीकडे. म्हणून पडवी, म्हणून दहा पावलं. मी ओरडलो अक्कावर. मेहुणा पाहत होता, तरी ओरडलो. "मग कुत्रं का नाही टाकलं? एक दोरी सोडायची होती! नशिराबादला परत सोडून यायचं होतं!" अक्का रडायला लागली. म्हणाली, "कशे धाडतीन? इतला दिन तुनी उष्टी भाकर खाई त्यानी. त्यामा तुना अर्धा दम शे. कुत्रा दूर गया, मरी गया, तर तुना दमबी त्यानासंगे जाई, आसं नाना म्हनेत." म्हणजे माझा अर्धा जीव कुत्र्यात उतरला आहे. कुत्रं जवळ ठेवावं तर पोरगा गुदमरतो, आणि दूर धाडावं तर पोरगा मरतो. म्हणून तुम्ही ते कुत्रं घेऊन बरोबर मध्ये बसलात. दहा पावलांवर.

आणि हे मला सांगायचं नाही, म्हणून अक्काला शपथ!

का? चार माणसांत हात उडवून बोलला होतात म्हणून? शब्द मागे घ्यायचा नव्हता? का मी वही काढून तुमच्या समजुतीच्या चिंध्या करीन अशी भीती होती? केल्याच असत्या. एका सकाळीत केल्या असत्या. कुत्र्यात दम-बीम काही जात नाही हे मी तुम्हाला पुराव्यानं सांगितलं असतं, काळ्याला भडगावला धाडलं असतं, तुमचा पाट माझ्या डावीकडे आणून ठेवला असता. एक वाक्य, नाना. "तुझं बरोबर होतं." एवढंच. उभ्या आयुष्यात तुम्ही मला ते कधी म्हणाला नाहीत, आणि जेव्हा म्हणालात तेव्हा अक्काला म्हणालात. मला ते दहा वर्षं उशिरा, तूर पाखडताना मिळालं. मी त्याचं आता काय करू? बरोबर होतो, हे सांगायला माझ्याकडे उरलं आहे कोण? शिंपीसुद्धा वारला.

मेहुण्याला मी रिकामा परत पाठवला. बायको म्हणाली, "अहो, डॉक्टर काय म्हणाले विसरलात? मला विधवा करायची आहे का तुम्हाला?" मी म्हणालो, म्हातारं कुत्रं आहे, ट्रकवर ऊन लागून वाटेतच मरेल, दोन महिने थांब. तिला पटलं नाही, आणि पटण्यासारखं ते कारण नाहीच. कुत्र्यात माझा दम नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. मी पुस्तकं वाचलेला माणूस आहे. तरी मेहुण्यानं दोरीला हात घातला तेव्हा मी म्हणालो, राहू दे.

तेव्हापासून त्या जुन्या वह्या काढून बसलो आहे. तुम्ही निंबाखाली बसायला लागलात त्या दिवसापासून पडवीत गेलात त्या दिवसापर्यंत, एकूण दमाच्या नोंदी एकेचाळीस. प्रत्येकीपुढे वेळ आहे, हवा आहे, जेवण आहे. त्यातल्या सदतीस दुपारच्या आहेत, एक ते तीनमधल्या. तुम्ही त्या वेळी जिनमध्ये असायचात आणि बायको धुणं घेऊन विहिरीवर. काळ्या निंबाला बांधलेला असायचा, रिठ्यानं धुतलेला, तुमच्या धोतराच्या तुकड्यावर बसलेला. मी नॉझल खाली ठेवायचो, दोरी सोडायचो आणि त्याला खाटेवर घ्यायचो. तो माझ्या गळ्यात तोंड घालून पडायचा. तीन वाजायच्या आत परत बांधायचो, तीच गाठ, तुमच्या हातची, डावीकडून मारलेली. मग दम लागायचा, आणि तुम्ही घरी आलात की दारात येऊन खोकायचो.

हे पत्र त्याच वहीत ठेवतो. सदतीस नोंदींपुढे कारणाच्या रकान्यात माझ्या अक्षरात 'हवा' असं लिहिलेलं आहे. हवा चांगली होती, नाना.